दुहेरीचा डाव : बालेवाडी आणि मोहाडी

(मोहाडी येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भंडारा जिल्ह्याच्या सात तालुक्यांपैकी एका तालुक्याच्या या गावी, जेथे कोसा विणणारे आंधळगाव हाकेच्या अंतरावर आहे आणि जेथील बहुतेक घरांचे वर्ष धानाच्या रोवणीपासून मोजले जाते, तेथे टेनिससारख्या खेळावर, आणि त्यातही व्यावसायिक पुरुष टेनिसच्या दुहेरी स्पर्धेवर व्याख्यान ठेवावे, याचे काहींना नवल वाटणे साहजिक आहे. हा खेळ शहरातील जिमखान्यांचा, पांढऱ्या पोशाखातील लोकांचा, असा समज ग्रामीण भागात पिढ्यान्पिढ्या चालत आलेला आहे, आणि तो अगदीच निराधार आहे असेही म्हणता येणार नाही. तथापि, महाराष्ट्र शासनाच्या सहकार्याने पुण्यात पाच वेळा भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा लेखाजोखा मांडावयाचा झाल्यास तो पुण्याइतकाच मोहाडीतही मांडला गेला पाहिजे. शासनाचा पैसा जेथे लागतो तेथे प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामपंचायतीला आहे.

ही स्पर्धा म्हणजे ‘महाराष्ट्र ओपन’. तिचा प्रारंभ १९९६ साली दिल्लीत झाला. १९९७ ते २०१७ अशी एकवीस वर्षे ती चेन्नई येथे होत असे. २०१८ च्या जानेवारीत ती पुण्याजवळील बालेवाडी येथे, श्रीशिवछत्रपती क्रीडा संकुलात आली. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारण्यात आले आणि पुढे २००८ साली राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धाही तेथेच पार पडल्या. राज्य लॉन टेनिस संघटना व राज्य शासन यांच्या सहकार्याने २०१८, २०१९, २०२०, २०२२ व २०२३ अशी पाच वर्षे ही स्पर्धा तेथे झाली. २०२१ हे वर्ष महामारीने गिळले. २०२३ नंतर ती भारतात झाली नाही. २०२४ पासून तिची जागा हाँगकाँगच्या स्पर्धेने घेतली.

आता या पाच वर्षांचे फळ काय? एकेरीकडे पाहिल्यास फ्रान्सचे जिल सिमाँ, दक्षिण आफ्रिकेचे केव्हिन अँडरसन, चेक प्रजासत्ताकाचे यिरी वेसेली, पोर्तुगालचे जुआंव सौझा व नेदरलँड्सचे टॅलन ग्रिक्सपूर अशी विजेत्यांची नावे दिसतात. पाचांपैकी एकाही वर्षी अंतिम सामन्यात भारतीय खेळाडू नव्हता. दुहेरीचे चित्र मात्र निराळे आहे. पाच अंतिम सामन्यांपैकी दोन भारतीय जोड्यांनी जिंकले आणि तिसऱ्यात भारतीय जोडी उपविजेती ठरली. एकाच संकुलात, त्याच आठवड्यात, त्याच प्रेक्षकांपुढे हा फरक का पडतो, याचा विचार करण्यासारखा आहे.

प्रथम खेळाची जमीन पाहू. टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब असते. एकेरीसाठी त्याची रुंदी २७ फूट, तर दुहेरीसाठी दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या जोडून ३६ फूट धरली जाते. म्हणजे खेळाडू दुप्पट झाले, परंतु जागा एकतृतीयांशच वाढली. प्रत्येकाच्या वाट्याला १८ फूट रुंदीचा पट्टा येतो. त्यामुळे दुहेरीत धावण्यापेक्षा उभे कोठे राहावे याला अधिक महत्त्व प्राप्त होते. जाळे खांबांपाशी साडेतीन फूट उंच, पण मध्यभागी तीनच फूट असते, आणि म्हणून जाणता खेळाडू चेंडू नेहमी मधल्या भागातून काढण्याचा प्रयत्न करतो. तेथे जाळेही खाली असते आणि समोरच्या दोघांत “हा तुझा की माझा” असा क्षणभराचा गोंधळही उडतो. ज्या जोडीत हा प्रश्न खेळ सुरू होण्याआधीच सुटलेला असतो ती जोडी पुढे जाते. सर्व्हिस करणाऱ्याचा साथीदार जाळ्याजवळ पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो, ती हीच. तो आडवा झेपावणार की जागेवर थांबणार, हे त्याच्या जोडीदाराला ठाऊक असते, प्रतिस्पर्ध्यांना नसते.

या प्रदेशातील श्रोत्यांना याचा उलगडा करून सांगण्याची वास्तविक गरज नाही. शंकरपटात पळणारी जोडी ज्याने पाहिली आहे त्याला ठाऊक असते की, दोन उत्तम बैल जुंपले म्हणून उत्तम जोडी होत नाही. एक बैल पुढे ओढणारा आणि दुसरा मागे रेंगाळणारा असला तर छकडा वाकडा जातो, आणि कसलेला धुरकरीही त्याला काही करू शकत नाही. बैल विकत घेताना शेतकरी एकट्या बैलाची नव्हे, तर आपल्या गोठ्यातील दुसऱ्याशी त्याची जुळणी पाहतो. टेनिसच्या दुहेरीत ही निवड खेळाडू स्वतःच करतात, आणि पुष्कळदा ती चुकते म्हणून हंगामाच्या मध्यावर मोडतातही. (बैलांना ही मुभा नाही, एवढाच काय तो भेद.)

अशा जुळणीची चांगली उदाहरणे बालेवाडीत दिसली. २०१९ साली रोहन बोपण्णा व दिविज शरण यांनी ब्रिटनच्या ल्यूक बँब्रिज व जॉनी ओमारा यांना ६-३, ६-४ असे हरवून विजेतेपद मिळविले. हे दोघे अचानक एकत्र आलेले नव्हते. आदल्या वर्षी, २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धांत त्यांनी पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक पटकाविले होते. २०२२ साली बोपण्णांचे जोडीदार होते चेन्नईचे रामकुमार रामनाथन. त्या वेळी बोपण्णांचे वय ४१ आणि रामकुमारांचे २७ वर्षे होते. म्हणजे दोघांत जवळजवळ अर्ध्या पिढीचे अंतर. ऑस्ट्रेलियाच्या ल्यूक सॅव्हिल व जॉन-पॅट्रिक स्मिथ यांच्याविरुद्ध पहिला सेट त्यांनी टायब्रेकमध्ये १०-१२ असा गमावला. इतक्या अटीतटीचा सेट हातचा गेल्यावर पुष्कळ जोड्या खचतात आणि दुसऱ्या सेटमध्ये एकमेकांकडे पाहण्याचेही टाळतात. या जोडीने दुसरा सेट ६-३ आणि निर्णायक टायब्रेक १०-६ असा घेतला. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी ॲडलेडची स्पर्धा जिंकली होती. पुण्याचे विजेतेपद हे महिन्याभरातील त्यांचे दुसरे.

२०१८ चा अंतिम सामना दुसऱ्या अर्थाने बोधप्रद होता. त्या वर्षी एकेरी जिंकणारे सिमाँ हे आपले देशबंधू पिएर-ह्यूग एर्बेर यांच्या साथीने दुहेरीच्याही अंतिम फेरीत पोहोचले. समोर होते नेदरलँड्सचे रॉबिन हासे व मात्वे मिडलकूप. दोन्ही सेट टायब्रेकपर्यंत गेले आणि दोन्ही टायब्रेक डच जोडीने ७-५ असे जिंकले. एकेरीतील त्या आठवड्याचा सर्वश्रेष्ठ खेळाडू दुहेरीत पराभूत झाला, आणि तोही मिडलकूप यांच्यासारख्या, ज्यांचे नाव प्रामुख्याने दुहेरीसाठीच घेतले जाते, अशा खेळाडूकडून. २०२० साली स्वीडनचे आंद्रे गोरान्सन व इंडोनेशियाचे क्रिस्टोफर रुंगकाट या दोन भिन्न खंडांतील खेळाडूंच्या जोडीने ६-२, ३-६, १०-८ असा विजय मिळविला. २०२३ मध्ये बेल्जियमचे सँडर जिल्ले व योरान व्लिगेन यांनी श्रीराम बालाजी व जीवन नेदुनचेझियन या तामिळनाडूच्या जोडीला ६-४, ६-४ असे नमविले.

वर १०-६ व १०-८ असे आकडे आले, त्यांचा खुलासा करणे इष्ट होईल. पूर्वी दुहेरीतही पूर्ण तिसरा सेट खेळला जात असे. २००६ पासून व्यावसायिक पुरुष दौऱ्यावरील नेहमीच्या स्पर्धांत तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक आला, आणि गेममध्ये ४०-४० अशी बरोबरी झाल्यास एकाच गुणावर निकाल लावण्याचा नियम झाला. हा गुण कोणत्या बाजूने खेळावा, हे सर्व्हिस घेणारी जोडी ठरविते. या बदलामागे इतिहास आहे. स्पर्धांचे आयोजक व दूरचित्रवाणी यांना दुहेरीचे सामने लांबतात, त्यांना प्रेक्षक मिळत नाहीत, अशी तक्रार होती. केवळ दुहेरी खेळणाऱ्यांचा प्रवेश हळूहळू बंद करावा, असाही विचार पुढे आला. २००५ साली दुहेरीच्या खेळाडूंनी अमेरिकेतील न्यायालयात दावा दाखल केला. अखेर जी तडजोड झाली तिच्यात खेळ आखूड झाला, परंतु दुहेरीचा खेळाडू शिल्लक राहिला. ही तडजोड झाली नसती तर भारतीय टेनिसची गेल्या वीस वर्षांची जमा बाजू जवळजवळ कोरी राहिली असती, हे विधान अतिशयोक्तीचे ठरू नये.

कारण भारताचे टेनिस मुख्यतः दुहेरीवर उभे आहे. लिअँडर पेस व महेश भूपती यांनी चेन्नईत ही स्पर्धा १९९७, १९९८, १९९९, २००२ व २०११ अशी पाच वेळा जिंकली. १९९९ साली चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांच्या अंतिम फेरीत पोहोचून त्यांपैकी फ्रेंच व विम्बल्डन ही विजेतेपदे त्यांनी मिळविली. २०१७ च्या चेन्नईतील अखेरच्या स्पर्धेत तर अंतिम सामन्यातील चारही खेळाडू भारतीय होते : बोपण्णा व जीवन एका बाजूला, मुंबईचे पूरव राजा व दिल्लीचे दिविज शरण दुसऱ्या बाजूला. २०२४ च्या जानेवारीत बोपण्णांनी ऑस्ट्रेलियाच्या मॅथ्यू एब्डन यांच्या साथीने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि वयाच्या ४३ व्या वर्षी ते दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत प्रथम स्थानी पोहोचले. इतक्या वयात हे स्थान यापूर्वी कोणालाही मिळाले नव्हते.

असे का घडावे? एकेरीचा खेळाडू घडविण्यास लहानपणापासून परदेशी स्पर्धा, स्वतंत्र प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ व व्यायामतज्ज्ञ यांचा ताफा लागतो, आणि हा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असतो. दुहेरीत शरीराची झीज तुलनेने कमी असल्याने खेळाडू दहा वर्षे अधिक खेळू शकतो, आणि हातांची चलाखी व डोळ्यांची तत्परता या गुणांना अधिक वाव मिळतो. परंतु म्हणून दुहेरीचा मार्ग सुखाचा आहे, असे समजणे चुकीचे ठरेल. पुण्यासारख्या स्पर्धेत एकेरीसाठी २८ खेळाडूंना, तर दुहेरीसाठी अवघ्या १६ जोड्यांना जागा असते. विजेत्या जोडीतील प्रत्येकाला २५० गुण मिळतात, पण पहिल्याच फेरीत हरणाऱ्यास एकही गुण मिळत नाही. पारितोषिकाच्या एकूण रकमेत दुहेरीचा वाटा लहान, आणि तोही दोघांत विभागावयाचा. विमानाचे भाडे मात्र प्रत्येकाचे वेगळे.

मायदेशी भरणाऱ्या स्पर्धेचे खरे मोल येथे कळते. घरच्या स्पर्धेत आयोजकांना काही जागा खास प्रवेशपत्राने भरता येतात. क्रमवारीत मागे असलेल्या स्थानिक खेळाडूला त्यामुळे एरवी ज्यांच्याशी खेळावयास कित्येक वर्षे लागली असती अशांसमोर उभे राहता येते. पुण्याचे अर्जुन कढे हे अशाच वातावरणात वाढलेले खेळाडू. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कझाकस्तानातील अल्माटी येथे त्यांनी ऋत्विक चौधरी बोल्लीपल्ली यांच्या साथीने याच दर्जाच्या दौऱ्यावरील स्पर्धेचे विजेतेपद मिळविले. अंतिम सामन्यातील निर्णायक टायब्रेक १४-१२ असा होता. त्या वेळी बालेवाडीची स्पर्धा बंद होऊन दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता. या यशाचे सर्व श्रेय स्पर्धेला देणे जसे योग्य नाही, तसे तिचा त्यात काहीच वाटा नव्हता असे म्हणणेही न्याय्य होणार नाही.

बालेवाडीने अपयशही पाहिले आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत तेथे भारत व न्यूझीलंड यांच्यात डेव्हिस चषकाची लढत झाली. दुहेरीत पेस यांना आणखी एक विजय मिळता तर डेव्हिस चषकात सर्वाधिक दुहेरी सामने जिंकण्याचा जागतिक विक्रम त्यांच्या एकट्याच्या नावे लागला असता. विष्णुवर्धन यांच्यासह ते उतरले, पहिला सेट जिंकलाही, परंतु आर्टेम सिटॅक व मायकल व्हीनस यांनी पुढील तीन सेट जिंकले. तो विक्रम अखेर २०१८ च्या एप्रिलमध्ये चीनमधील त्यान्जिन येथे, बोपण्णांच्या साथीने पूर्ण झाला. एकूण ४३ विजय.

राज्यातील परंपराही विसरता येणार नाही. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धांत पेस यांच्यासह पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक मिळविणारे गौरव नाटेकर हे महाराष्ट्राचे, बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर यांचे चिरंजीव. आणि मोहाडीतील श्रोत्यांच्या दृष्टीने सर्वांत जवळचे उदाहरण कदाचित ऋतुजा भोसले यांचे ठरेल. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर या तालुक्याच्या गावी त्यांचा जन्म झाला. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यात चीनमधील हांगझो येथील आशियाई स्पर्धांत त्यांनी बोपण्णांच्या साथीने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. पहिला सेट २-६ असा गेल्यानंतर त्यांनी तो सामना फिरविला.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे, आणि तो आक्षेप गंभीर आहे. पाच वर्षे स्पर्धा भरली, परदेशी खेळाडू आले व गेले, प्रकाशझोत लागले व मालवले, पण मोहाडीहून सुमारे आठशे किलोमीटरवर असलेल्या त्या कोर्टाशी येथील विद्यार्थ्याचा संबंध काय? त्याने तेथील एकही सामना पाहिला नाही, रॅकेट हातात धरली नाही. या आक्षेपाला पूर्ण उत्तर नाही. स्पर्धेबरोबरच विदर्भातील तालुक्यांतून शिक्षकांना बालेवाडीस नेऊन आठवडाभर सामने दाखविले असते, पंचांचे व मैदान राखणाऱ्यांचे काम समजावून दिले असते, तर तिचे फळ अधिक दूरवर पोहोचले असते. मोठी स्पर्धा हा दिवाळीचा आकाशकंदील असतो. घरात चूल पेटविण्याची सोय वेगळी करावी लागते. पुण्यात २०२४ व २०२५ साली याच संकुलात खालच्या दर्जाच्या व्यावसायिक स्पर्धा झाल्या आहेत. अशा स्पर्धांत खेळाडूंजवळ जाता येते, सराव पाहता येतो. शिकू इच्छिणाऱ्या शिक्षकाला त्या मोठ्या स्पर्धेपेक्षाही उपयुक्त ठराव्यात.

चूल पेटविण्याची सामग्री अगदीच दुर्मीळ नाही. राज्याच्या २००१ च्या क्रीडा धोरणाने विभाग, जिल्हा व तालुका पातळीवर क्रीडा संकुले उभारण्याची दिशा आखून दिली. शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. शालेय स्पर्धांच्या यादीत लॉन टेनिस आहे, आणि ग्रामीण भागातील शाळा त्यात फारशा उतरत नसल्याने तेथे गर्दीही कबड्डीइतकी नाही.

जागेचा हिशेब पंचायत सदस्यांना सहज कळेल. ७८ फूट बाय ३६ फूट कोर्ट, आणि धावण्यासाठी चारही बाजूंना सोडावयाची मोकळी जागा धरून १२० फूट बाय ६० फूट, म्हणजे ७,२०० चौरस फूट जमीन लागते. साडेसहा गुंठ्यांहून किंचित अधिक. कोर्टाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सूर्य खेळाडूच्या डोळ्यांवर येत नाही. सिमेंट किंवा रासायनिक थराचे कोर्ट परवडत नसेल तर मुरूम पसरून, पाणी मारून, रूळ फिरवून केलेली जमीनही चालते. दक्षिण भारतात शेणाने सारवलेल्या कोर्टांवर खेळाडू घडले आहेत, आणि सारवण्याची कला या तालुक्यात कोणाला शिकवावी लागणार नाही. येथील पाऊस मात्र लक्षात घ्यावा लागेल. धानाला मानवणारा पाऊस कोर्टाला मानवत नाही. एका बाजूस किंचित उतार व कडेने चर काढली नाही तर पहिल्याच आषाढात कोर्टाची बांधी होईल.

हेही जमण्यासारखे नसेल तेथे रिंग टेनिसपासून आरंभ करता येईल. त्याचे मैदान ४० फूट बाय १८ फूट, म्हणजे शाळेच्या व्हरांड्यासमोरही मावणारे. दोन खांब, एक दोरी किंवा जाळे व एक रबरी कडी एवढे साहित्य पुरते. कडी एका हाताने झेलून विलंब न लावता त्याच हाताने परतवावयाची असते. यातही दुहेरी आहे, आणि मधून आलेली कडी कोणी झेलावी हा प्रश्न तेथेही तसाच उभा राहतो. मुला-मुलींच्या मिश्र जोड्या लावल्यास एका तासिकेत तीस-पस्तीस विद्यार्थ्यांना पाळीपाळीने खेळविता येते. जोड्या लावताना दोन हुशार खेळाडू एकत्र न ठेवता एक तयार व एक नवखा अशी जुळणी करावी, ती महिनाभर मोडू नये, आणि गुण नोंदविण्याचे काम त्या वेळी बाहेर बसलेल्या जोडीकडे द्यावे. पुढील सत्रात त्यांतील चार-सहा विद्यार्थी निवडून त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी टेनिसची रॅकेट हातात देता येईल, एवढी तयारी शिक्षकाला वर्षभरात करून घेता येते.